अंतरपाट आणि रंगवलेला पडदा

नववीच्या मुलांना एकदा मी इतिहासाचा प्रकल्प म्हणून एक साधे काम दिले होते. घरातल्या लग्नाचा सर्वांत जुना फोटो शोधा, तो कुठे काढला ते आजी-आजोबांना विचारा आणि फोटोच्या मागे काही लिहिलेले असेल तर ते वहीत उतरवून आणा. मूळ फोटो शाळेत आणू नका, हेही बजावून सांगितले होते. पण मुलेच ती! आठवड्याच्या आत माझ्या टेबलावर फोटोंचा ढीग झाला. काही चौकटीतून काढलेले, काहींच्या कडा वाळवीने खाल्लेल्या, तर काही पुठ्ठ्यावर चिकटवलेले आणि खाली स्टुडिओचे नाव सोनेरी अक्षरांत छापलेले.

त्या ढिगात एक फोटो असा निघाला की मी खुर्चीतून उठलोच. नवरा-नवरी मध्यभागी, दोन्हीकडे वऱ्हाड, पुढे जमिनीवर पोरेटोरे आणि मागे आमच्याच शाळेच्या पायऱ्या! नवरा-नवरीला बसवलेला बाक आजही सभागृहात आहे. त्याच बाकावर दरवर्षी दहावीच्या निरोप समारंभाचा फोटो निघतो. मे महिन्याच्या सुट्टीत शाळा लग्नासाठी देण्याची पद्धत आपल्याकडे बरीच वर्षे होती. मंगल कार्यालये फार नव्हती आणि जी होती ती सगळ्यांना परवडत नव्हती. मग वर्गांत वऱ्हाड उतरायचे, फळ्यावर कोणी खडूने ‘वरपक्ष’ आणि ‘वधूपक्ष’ असे लिहायचे, मैदानात मांडव पडायचा आणि पाण्याच्या टाकीजवळ आचारी चुलाणे मांडायचा. जूनमध्ये शाळा उघडली की एखाद्या वर्गात कोपऱ्यात अक्षता सापडायच्या.

पण त्या सगळ्या फोटोंत मला खटकली ती एक गोष्ट. कोणी हसत नव्हते. एवढा आनंदाचा प्रसंग, अंगावर शालू, कपाळावर मुंडावळ्या, आणि चेहरे मात्र परीक्षेच्या निकालाला बसल्यासारखे. एका विद्यार्थिनीच्या पणजीला मी हे विचारले. वय नव्वदीच्या आसपास, पण बोलणे खणखणीत. म्हणाल्या, “हसायचं कुठलं हो सर! फोटोवाल्यानं सांगितलेलं, डोळा मिटू नको, मान हलवू नको. त्यात सासरे शेजारी उभे. हसलं असतं तर फोटोतच नांदायला लागले असते होय मी, घरात कुठं घेतलं असतं?”

या एका उत्तरात दोन कारणे आहेत, एक यंत्राचे आणि एक रीतीचे. दोन्हींचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

दागेरने शोधलेली छायाचित्रणाची रीत पॅरिसमध्ये ऑगस्ट १८३९ मध्ये जाहीर झाली. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचे लग्न १० फेब्रुवारी १८४० रोजी झाले, म्हणजे अवघ्या सहा महिन्यांनी. त्या लग्नाची चित्रे आहेत, छायाचित्र नाही. तिच्या थोरल्या मुलीचे लग्न २५ जानेवारी १८५८ रोजी झाले, तेव्हा मात्र छायाचित्रकार हजर होता. सकाळी लग्नाला निघण्यापूर्वी आई, वडील आणि नवरी मुलगी असा तिघांचा फोटो घेतला गेला. त्यात नवरी स्पष्ट आहे, वडीलही आहेत. राणीचा चेहरा तेवढा पुसट झाला आहे. ती थरथरत होती. लेक सासरी चालली होती आणि आईला तेवढे काही क्षणसुद्धा स्थिर उभे राहता आले नाही. साम्राज्याच्या राणीला जे साधले नाही, ते आपल्या आज्या-पणज्यांनी साधले म्हणायचे!

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली. तिच्या कार्यकारिणीत डॉ. नारायण दाजी होते. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे हे धाकटे बंधू. हे घराणे मूळचे गोव्यातल्या पेडणे भागातील मांद्रे गावचे. म्हणजे आपल्या देशात कॅमेरा हाती घेणाऱ्या अगदी पहिल्या लोकांत एक मूळचा गोमंतकीय मराठी माणूस होता. ही गोष्ट आपण आपल्या मुलांना सांगत नाही. सांगायला हवी.

मात्र त्या काळच्या कॅमेऱ्याने मराठी लग्न टिपणे जवळजवळ अशक्य होते, आणि याचे कारण आपल्या मुहूर्तांत आहे. १८५१ पासून रूढ झालेल्या ओल्या काचेच्या पद्धतीत काचेवर कलोडियनचा लेप द्यायचा, ती चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळण्याच्या आत अंधारात नेऊन धुवायची. सगळा कारभार दहा-पंधरा मिनिटांत आटपावा लागे. म्हणून फोटोवाल्याबरोबर अंधारा तंबू, बाटल्या, काचांची पेटी आणि दोन-तीन गडी असत. प्रकाश लख्ख हवा आणि समोरचा माणूस काही सेकंद निश्चल हवा.

आता आपला गोरज मुहूर्त आठवा. गाई घरी परतण्याची वेळ, धुळीने आणि संधिप्रकाशाने भरलेली. भटजींच्या दृष्टीने उत्तम, काचेच्या दृष्टीने अंधार! त्यात ज्याला लग्नाचा गाभा म्हणावे तो क्षण डोळ्याचे पाते लवते न लवते एवढाच. मंगलाष्टके संपतात, अंतरपाट बाजूला होतो, दोघे एकमेकांकडे पाहतात, अक्षतांचा पाऊस पडतो आणि वाजंत्री एकदम कडाडते. काही सेकंद स्थिर राहणारे तिथे काहीच नसते. म्हणून एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या पूर्वार्धात आपल्या घरांतले लग्नाचे फोटो लग्नाचे नाहीतच. ते लग्नानंतरचे आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन वर आल्यावर, घराच्या ओसरीसमोर किंवा देवळाच्या प्रांगणात सगळ्यांना ओळीने बसवून घेतलेले. मॅग्नेशियमची भुकटी पेटवून उजेड पाडण्याची युक्ती १८८७ मध्ये निघाली. पण तिचा भडका आणि धूर पाहता कापडी मांडवात ती पेटवू देणारा वधूपिता फार धाडसी असावा लागला असता.

राजवाड्यांची गोष्ट वेगळी. तिथे दिवस हाताशी होते, पैसा होता आणि फोटोवाला पदरी होता. इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात १८६६ साली लागलेला, मेरठजवळच्या सरधना गावचा एक तरुण नकाशे काढता काढता फोटो काढू लागला. हेच लाला दीनदयाळ. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी त्यांना आश्रय दिला. पुढे ते हैदराबादला सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले आणि ‘राजा’ हा किताबही त्यांना तिथेच मिळाला. इंदूर आणि हैदराबाद या दोन्ही शहरांतल्या मराठी वाचकांना हे नाव परके नसेल. दरबार, शिकारी, मेजवान्या, लष्करी कवायती असे सारे त्यांनी टिपले. पण मला त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती १८९२ साली हैदराबादेत सुरू केलेला जनानी स्टुडिओ. उंच भिंतींच्या आड, केवळ स्त्रियांसाठी. आणि फोटो काढणारीही बाईच, केनी-लेव्हिक नावाची इंग्रज बाई. पडद्यातल्या स्त्रीला परपुरुषासमोर न जाता आपले रूप कागदावर उतरवता येऊ लागले. पणजीबाईंच्या ‘सासरे शेजारी उभे’ या तक्रारीवरचा तोडगा हैदराबादेत शंभर वर्षांपूर्वीच निघाला होता असे म्हणायला हरकत नाही. तो आपल्या गल्लीपर्यंत पोहोचला नाही एवढेच.

बडोद्याचे तिसरे सयाजीराव यांचे पहिले लग्न जानेवारी १८८० मध्ये झाले. वधू तंजावरच्या मोहित्यांच्या घराण्यातली, माहेरचे नाव लक्ष्मीबाई, सासरचे चिमणाबाई. तंजावरहून बडोद्याला आलेली ही मराठी मुलगी आपल्याबरोबर तिकडचे नृत्य आणि नर्तकीही घेऊन आली. कावेरीकाठचे नृत्य विश्वामित्रीच्या काठी पोहोचले ते एका लग्नामुळे. लक्ष्मीविलास राजवाडा त्या वेळी अजून बांधला जात होता. चार्ल्स मँट या इंग्रज अभियंत्याने तो आरंभला, १८८१ मध्ये तो वारला, मग चिझमने पुरा केला, आणि पूर्ण व्हायला १८९० साल उजाडले. तोवर चिमणाबाई जग सोडून गेल्या होत्या. १८८५ साली त्यांचे निधन झाले. ज्या महालाला त्यांच्या माहेरच्या नावाची आठवण देणारे नाव आहे, तो पूर्ण झालेला त्यांनी पाहिला नाही.

त्याच घराण्यातली पुढची गोष्ट अधिक बोलकी. सयाजीरावांची कन्या इंदिराराजे हिचा विवाह ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरला होता. दोन मोठी मराठी संस्थाने, तयारी जोरात. मुलीने स्वतः तार करून तो मोडला आणि १९१३ मध्ये लंडनला कुचबिहारच्या जितेंद्रनारायणांशी लग्न केले. आईवडील त्या लग्नाला गेले नाहीत. जगातला सर्वांत देखणा राजवाडा घरचा असताना त्या मुलीला आपले लग्न परक्या देशात लावावे लागले. लग्नाचे स्थळ मोठे की त्या स्थळी उभी असलेली माणसे मोठी, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

पण माझ्यापुढचा ढीग राजेरजवाड्यांचा नव्हता. कारकून, शिक्षक, किराणा दुकानदार, रेल्वेतले गार्ड, शेतकरी यांच्या घरचे ते फोटो. तरीही गंमत अशी की त्यांतल्या कितीतरी फोटोंत राजवाडा होता! दगडी कठडा, वळणदार जिना, दूरवर कारंजे आणि हंस. मुलांना पहिल्यांदा उलगडा होईना की आपले पणजोबा एवढ्या मोठ्या वाड्यात कसे. मग एकाच्या लक्षात आले की तीन वेगवेगळ्या घरांच्या फोटोंत तोच जिना आहे. तो रंगवलेला पडदा होता.

या पडद्यावर कोणी नीट लिहायला हवे. लग्न झाल्यावर आठ-पंधरा दिवसांनी नवे जोडपे टांग्यातून स्टुडिओत जायचे. सोबत एखादी नणंद किंवा धाकटा दीर, कारण दोघांनीच जाणे बरे दिसत नसे. स्टुडिओत कोट भाड्याने मिळायचा, घड्याळ मिळायचे, हातात धरायला पुस्तकही मिळायचे. मागे पडदा सोडला की झाला राजवाडा. आपल्या भागात हे पडदे रंगवणारे हात आले कुठून? माझा अंदाज, आणि तो अंदाजच समजावा, की नाटकातून. संगीत नाटकाचे आद्य प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श मंडळी १९०८ साली निघाली ती हुबळीत. आणि तिचे पडदे रंगवणारे आनंदराव व बाबूराव पेंटर कोल्हापूरचे. नाटकाचा पडदा आणि स्टुडिओचा पडदा यांत फरक लांबी-रुंदीचा. शकुंतलेच्या मागे जे तपोवन असेल, तेच हेडक्लार्कच्या मागे उभे राहिले तर नवल नाही. आज राजवाड्याचे हॉटेल करून तिथे लग्ने लावतात त्याला आपण नवी चूष म्हणतो. हौस तीच आहे. तेव्हा ती कापडावर भागत होती.

याच फोटोंतला एक मी मुलांना फार वेळ पाहू दिला नाही, आणि नंतर माझे मलाच वाईट वाटले. पाहू द्यायला हवा होता. नवरा विशी-बाविशीचा, उभा, हात खुर्चीच्या पाठीवर. खुर्चीत नवरी. साडी नीट नेसवलेली, नथ, हातात फूल. पण पाय जमिनीला टेकत नाहीत. खुर्चीच्या कडेवरून ते अधांतरी लोंबकळत आहेत आणि एका पायातले जोडवे सैल होऊन अंगठ्याकडे घसरले आहे. फोटोवाल्याने पुढे एक पाट ठेवायला हवा होता. बहुतेक जण ठेवत असत. याने ठेवला नाही किंवा विसरला, म्हणून ते खरे वय तसेच राहिले. मुलीचे किमान वय चौदा ठरवणारा शारदा कायदा मंजूर झाला १९२९ मध्ये आणि लागू झाला १ एप्रिल १९३० पासून. १९४९ च्या दुरुस्तीने ते पंधरा केले आणि अठरा व्हायला १९७८ साल लागले. हे सनावळीचे शिक्षण मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहून दिले आहे. पण त्या लोंबकळत्या पायांनी जे सांगितले ते माझ्या फळ्याने कधी सांगितले नव्हते. सगळेच लग्नाचे फोटो आनंदाचे असतात असे आपण गृहीत धरतो. नवरीला कोणी विचारले होते?

ढिगातले पाच-सहा फोटो गोव्याचे होते. आपल्याकडे बेळगाव-खानापूर-चंदगड भागातल्या कितीतरी घरांचे कुलदैवत गोव्यात, आणि सोयरीकही. त्या फोटोंत मागे दीपस्तंभ आणि देवळाची अग्रशाळा दिसते. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे. देवळाच्या आवारात लग्न लावण्याची ही रीत आपल्याला इतकी सहज वाटते की तिच्यामागचे शतक आपण विसरतो. पोर्तुगीज अमलात १६२० साली गोवे शहरात, तिसवाडी बेटात आणि लगतच्या मुलखात हिंदूंनी लग्न लावण्यास मनाई करणारा हुकूम निघाला, आणि मोडल्यास जबर दंड. तेव्हा लोक काय करीत? नदी ओलांडत. पलीकडचा अंत्रूज महाल, म्हणजे आजचा फोंडा, पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता. तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गेला. देवही आधीच पलीकडे गेले होते. कुठ्ठाळीचा मंगेश १५६० मध्ये रातोरात नदीपार नेला गेला तो आजच्या मंगेशीत. मग माणसेही लग्नासाठी त्याच वाटेने होड्यांतून गेली.

नवरा-नवरी, भटजी, वाजंत्री होडीत बसून सीमा ओलांडत आहेत, ही कल्पना सीमाभागात राहणाऱ्या माणसाला वेगळीच भिडते. आपल्याकडे १९५६ साली रेषा घराच्या अंगणातून गेली, तरी वरात अडली नाही. चंदगडची नवरी बेळगावात आणि बेळगावची कोल्हापुरात येतच राहिली. रेषेने बसचे पाटे बदलले, कार्यालयातले अर्ज बदलले. रुखवत बदलले नाही. त्या मानाने आपण सुखी.

गोव्यातल्या फोटोंबाबत एक गोष्ट जाता जाता. तिथे विवाहाची दिवाणी नोंदणी पोर्तुगीज काळापासून सक्तीची. नोंदणी कार्यालयात दोनदा जावे लागते आणि देवळातला विधी त्याहून निराळा. त्यामुळे काही घरांत लग्नाच्या दोन तारखा सांगतात, सरकारची एक आणि देवाची एक. फोटो मात्र देवाच्या तारखेचाच.

छोटा कॅमेरा आला आणि हे सगळे पालटले. जर्मन बनावटीचा रोलिफ्लेक्स १९२९ मध्ये निघाला. छातीशी धरून वरून पाहायचा, त्यामुळे फोटोवाल्याचा चेहरा काळ्या कापडाबाहेर आला आणि लोक त्याच्याकडे पाहून हसू लागले. त्याच सुमारास काचेच्या गोळ्यातला फ्लॅश आला. एक गोळा, एक फोटो; मग तो जळून पांढरट व्हायचा. आमच्या लहानपणी मांडवात जळलेले गोळे गोळा करायला पोरांची झुंबड उडायची. ते गरम असताना उचलले की बोट भाजायचे, आणि दरेक लग्नात कोणाचे तरी भाजायचेच. पण त्या गोळ्याने एक मोठे काम केले. अंतरपाट दूर होण्याचा तो क्षण, जो पंचाहत्तर-ऐंशी वर्षे कोणत्याही काचेला सापडला नव्हता, तो पहिल्यांदा फोटोत आला. हवेत थांबलेल्या अक्षता, अर्धवट खाली गेलेले कापड, मामाचे वर राहिलेले हात आणि नवरीच्या चेहऱ्यावर सासरा-नणंद कोणीही लक्षात नसल्याचे ते एक पाव सेकंदाचे हसू.

आणि मग बडोद्याने पुन्हा एकदा आपल्या घरात प्रवेश केला. या वेळी राजवाड्याच्या नव्हे, कारखान्याच्या वाटेने. ‘आगफा क्लिक थ्री’ हा कॅमेरा न्यू इंडिया इंडस्ट्रीज या बडोद्याच्या कंपनीने इथे बनवला आणि साठ-सत्तरच्या दशकांत मध्यमवर्गाच्या हाती दिला. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. फिल्म उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ‘इंदू’, १९६७ पासून मिळू लागलेली. आता घरचाच एखादा भाचा किंवा मेहुणा फोटो काढू लागला आणि फोटोंची जागाच बदलली. फोटोवाला नवरा-नवरीसमोर उभा राहायचा. भाचा स्वयंपाकघरात शिरायचा. मोदकपात्राशी बसलेल्या काकी, जानवशाच्या गॅलरीत चहा पिणारे विहीणबाईंचे भाऊ, पंगतीत वाढताना पदर खोचलेल्या करवल्या, मांडवाच्या खांबाला टेकून झोपलेला सनईवाला. हलले, कापले गेले, एखाद्याचे डोके उडाले. पण लग्न घडताना कसे होते ते या फोटोंत आहे. बारा फोटोंत अख्खे लग्न बसवायचे असल्याने भाचा प्रत्येक वेळी विचार करायचा. माझ्या स्वतःच्या लग्नाचे बारा फोटो आहेत. त्यांतला आठवा कोरा आहे, कारण त्या वेळी मेहुण्याने झाकण काढले नव्हते. सप्तपदी नेमकी त्यात होती. आमच्या घरी अजून यावरून बोलणे होते.

पुढे रंगीत फोटो आले, व्हिडिओ आला. व्हिडिओच्या दिव्याने भटजींना घाम फुटायचा आणि अंतरपाट दोनदा धरावा लागायचा, कारण पहिल्यांदा कॅमेरेवाला तयार नव्हता. त्या काळातल्या जाड पानांच्या अल्बमवर मी फार बोलत नाही. हृदयाच्या आकारात कापलेले नवरा-नवरी आणि मागे स्वित्झर्लंडचा बर्फ, हे ज्यांच्या घरात आहे त्यांना ठाऊकच आहे. एक मात्र खरे की स्टुडिओतला कापडी राजवाडा गेला तरी पडदा गेला नाही.

आता लग्नाच्या आधीच फोटो काढतात. आमच्या बेळगावच्या किल्ल्यातली कमलबस्ती बाराशे चारची. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या बीचिराज नावाच्या मंत्र्याने ती बांधली. तिच्या घुमटातले दगडी कमळ पाहायला मी दरवर्षी मुलांना नेतो. मागच्या खेपेस बाहेरच्या हिरवळीजवळ एक जोडपे, तीन कॅमेरेवाले आणि एक जण आरसा घेऊन उजेड परतवणारा असा लवाजमा होता. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकात समारंभ करायला परवानगी लागते, हे सांगायला मी पुढे झालो होतो. पण तेवढ्यात त्या मुलीने साडी सावरत आमच्या सहलीतल्या मुलींना विचारले, “हे कमळ कुणी केलं गं?” आणि आमच्या एका मुलीने सन, राजा, मंत्री सगळे घडाघडा सांगितले. नवरीने कॅमेरेवाल्यांना थांबवले आणि ती आत कमळ पाहायला गेली. माझे भाषण राहिले ते राहिलेच. असो.

त्या ढिगाकडे परत येतो. मुलांनी वहीत उतरवलेला मजकूर मी रात्री वाचत बसलो. फोटोंच्या पाठी म्हणजे आपल्या घरांचे दफ्तरखानेच. एकावर मोडीत दोन ओळी होत्या. मुलाने त्या चित्र काढावे तशा उतरवल्या होत्या. एकावर कन्नडमध्ये स्टुडिओचा शिक्का आणि खाली बाळबोधीत ‘चि. सौ. कां.’ एवढेच, पुढचे नाव उडालेले. गोव्याच्या एकावर पोर्तुगीजमध्ये तारीख. कुठे नुसता हिशोब : फोटोवाला पंधरा, बाकी पाच. ते पाच पुढे दिले की नाही, कोण जाणे. जुने स्टुडिओ बंद झाले तेव्हा काचेच्या प्रती धुऊन त्या काचा देवांच्या तसबिरींना लावल्या गेल्याचे मी ऐकले आहे. म्हणजे एखाद्या घरच्या गणपतीपुढे अजून कुणाचे तरी लग्न पुसून उभे असेल. म्हणून या पाठीवरच्या ओळी महत्त्वाच्या. फोनमधल्या फोटोला पाठ नसते, हे मी मुलांना सांगितले, तेव्हा एकजण म्हणाला, “सर, पण त्यात तारीख आपोआप येते.” बरोबर आहे त्याचे. पण नाव आपोआप येत नाही.

शाळेच्या पायऱ्यांवरच्या त्या फोटोच्या पाठीवर काहीच नव्हते. तो आणणारी मुलगी आमच्या कन्नड माध्यमाच्या वर्गातली. घरी मराठी, शाळेत कन्नड. आपल्याकडे अशी मुले पुष्कळ. तिच्या पणजीबाई म्हणजे त्याच, न हसलेल्या. मी दोघींना एका शनिवारी शाळेत बोलावले. पणजीबाई त्या बाकावर बसल्या, फोटो मांडीवर घेतला आणि एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून सांगू लागल्या. हे मामंजी. ही थोरली जाऊ. हा पेटीवाला. ह्या भिकूबाई, भांडी घासायला आलेल्या, त्यांना मीच ओढून ओळीत उभं केलं, सासूबाई रागावल्या होत्या त्यावरून. पणती पेन्सिल घेऊन फोटोच्या पाठीवर लिहीत होती. मी वाकून पाहिले. नावे मराठी आणि अक्षरे कन्नड. पणजीबाईंनी चष्मा लावून ते उलटसुलट पाहिले आणि म्हणाल्या, “मला वाचता येत नाही हे. वाचून दाखव बघू, कुणी राहिलं नाही ना.”

ती वाचू लागली. भिकूबाईंचे नाव राहिले होते. तिने ते खाली लिहिले.